तिसऱ्यांदा विचारलं तर

१

दुपारी एक वाजता बाबांना जेवायला वाढते. भाकरी वरणात कुस्करून द्यावी लागते. पावणेदोनला ते आतल्या खोलीत आडवे होतात, दोनला घोरायला लागतात, आणि घोरणं ऐकलं की मी बाहेरून कडी लावते. आवाज होऊ नये म्हणून कडीला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आहे.

वाचून तुमचं तोंड वाकडं झालं असेल तर होऊ द्या. पहिल्या दिवशी माझंही झालं होतं. पण गेल्या ऑगस्टमध्ये मी दळण आणायला गेले आणि तेवढ्यात बाबा बाहेर पडले. साडेचार तासांनी सापडले ते बडनेऱ्याच्या स्टेशनावर, अनवाणी. माझे बाबा, उत्तमराव, यांनी चाळीस वर्षं अमरावतीच्या भाजीबाजारात पालेभाजी विकली. आता त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण बाजारात भाजीची गाडी लागली आहे हे रोज आठवतं. आई दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेली. मला भाऊ नाही, बहीण नाही, आणि लग्न मी केलं नाही. बाबा हरवले तर मला गीतू म्हणून हाक मारणारं कोणी उरणार नाही. म्हणून ती कडी.

दोन ते चार मी हॉलमध्ये कम्प्युटरवर बसते आणि कोचिंग क्लासच्या टेस्ट पेपरांचं डीटीपी करते. टेबल बाबांच्या दाराला लागूनच ठेवलं आहे, आतली चाहूल लागावी म्हणून. चारला कडी काढते, चहा टाकते. असा दिवस.

मार्चच्या दहा तारखेला अकोल्याहून सागरचा फोन आला. आमच्या जुन्या फोरमचा सर्व्हर त्याच्याकडे आहे. वीस वर्षं पोसला, आता एकतीसला बंद करून टाकतो म्हणाला. पण त्याआधी पहिल्या पानावर फोरमचा इतिहास टाकायचा, आणि तो मीच लिहायचा. मी म्हटलं, वाचणार कोण? तर म्हणे, कोणी न वाचो, लिहून तर ठेव.

२

फोरमचं नाव होतं ‘अडकलो’.

अ‍ॅडव्हेंचर गेम कसे असतात ते आधी सांगते. त्यात गोळीबार नसतो, पळापळ नसते. एक खोली असते, खोलीत चार वस्तू, आणि एक बंद दार. कुठली वस्तू कुठं लावली की दार उघडतं ते शोधायचं आणि पुढच्या खोलीत जायचं. तिथं पुन्हा बंद दार. २००५ साली राजकमल चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत आम्ही पाच-सहा जण हे खेळायचो आणि आठवडा आठवडा एकाच खोलीत अडकून पडायचो. घरी सांगितलं तर घरचे म्हणायचे, पोट्टी बह्याड झाली. मग जे अडकले त्यांनी एकमेकांना विचारावं म्हणून सागरनं फोरम काढला.

चार वर्षांत चारशेवर सदस्य झाले. अकोल्याचे, यवतमाळचे, धामणगावचे, एक तर दुबईत नोकरीला गेलेला अचलपूरचा. भांडणंही झकास झाली. देवनागरीत लिहायचं की इंग्रजी अक्षरांत, यावरून तीन महिने कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एका दिवाळीत अकोल्याच्या रसवंतीत भेटायचं ठरलं. अकरा जण आले, आणि चेहरे कोणाचेच माहीत नसल्यानं प्रत्येकानं ओळख अशी करून दिली की मी तळघरात अडकलेलो, मी जहाजावर अडकलेली.

नियम मी लिहिले. माझं वय तेव्हा एकवीस, आणि मॉडरेटर मीच, म्हणून सगळे मला मॉडताई म्हणायचे. माझ्यापेक्षा वयानं मोठेसुद्धा.

नियम पहिला: अडकलात तर चार ओळींत लिहा. खोली कोणती, दिसतं काय, हातात काय आहे, दारं किती.

नियम दुसरा: गेमचं नाव लिहिलंच पाहिजे.

नियम तिसरा: कोणी पहिल्यांदा विचारलं तर फक्त कुठं पाहायचं तेवढं सांगा. दुसऱ्यांदा विचारलं तर कशाला हात लावायचा ते सांगा.

नियम चौथा: तिसऱ्यांदा विचारलं तर त्याच दिवशी खरं उत्तर द्यायचं. काहून विचारून राहिला, असं विचारायचं नाही.

चौथा नियम धामणगाव रेल्वेच्या प्रणालीमुळे आला. तिला पोरांनी मजा म्हणून एकोणीस दिवस जहाजाच्या इंजिनखोलीत ताटकळत ठेवलं होतं. मला त्याचा फार राग आला होता.

३

इतिहास लिहिताना २०१३ पर्यंत हात भराभर चालला. तिथं थांबला.

बार्शीटाकळीचा कुलदीप आमचा सगळ्यात चांगला इशारे देणारा. घरी अकरा एकर काळी जमीन, कपाशी आणि तूर. पोरगा रात्रंदिवस मळ्यातल्या खोपीत मोबाइलवर टिचटिच करत बसलेला. त्याचे इशारे इतके हलके असायचे की दार आपणच उघडलं असं वाटायचं. त्या वर्षी जुलैत त्यानं स्वतःच ‘अडकलो’ म्हणून लिहिलं.

खोली: लहान. दिसतं: पलंग, खिडकी, खिडकीला गज. हातात: मोबाइल. दारं: एक, बाहेरून बंद.

गेमचं नाव नव्हतं. सगळ्यांनी अंदाज बांधले, तुरुंगवाला गेम असेल, वेड्यांच्या इस्पितळाचा असेल. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच चार ओळींत पुन्हा विचारलं. मी त्या दिवशी कशावरून तरी चिडलेले होते. मी लिहिलं, नियम दुसरा, गेमचं नाव नाही, धागा बंद. धागा बंद केला की त्या प्रश्नाखाली मॉडरेटरशिवाय कोणालाच लिहिता येत नाही, विचारणाऱ्यालाही नाही.

बावीस दिवसांनी कुलदीप गेल्याचं कळलं. सागर बार्शीटाकळीला जाऊन आला. कुलदीपची आई तानुबाई, तिनं त्याला खोली दाखवली. लहान खोली, पलंग, गजाची खिडकी. पोराचं डोकं ठिकाणावर नव्हतं, कुठंही निघून जायचा, म्हणून घरच्यांनी आत ठेवलं होतं. काळजीपोटीच. आत त्याला कावीळ झाली आणि ती वेळेत कोणाला समजली नाही.

त्यानं दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारायची सोय मी ठेवली नाही. मला तेव्हा लाज वाटली आणि अजून वाटते, आणि हा परिच्छेद इतिहासात घालायचा की नाही यावर मी चार दुपारी नुसती बसून होते.

चौथ्या दुपारी, चोवीस तारखेला, सहज पानाच्या तळाशी नजर गेली. तिथं फोरमवर आत्ता कोण आहे ते दिसतं. गेली दहा वर्षं तिथं माझ्याशिवाय कोणी नसायचं. त्या दिवशी लिहिलं होतं: आत्ता इथे २ सदस्य. मॉडताई. कुलदीप.

आत बाबा घोरत होते. पंखा फिरत होता. मी पान नव्यानं उघडून पाहिलं, दोनच सदस्य.

४

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की त्याच्या घरातल्या कोणाच्या हाती जुना मोबाइल लागला असेल. पुतण्या असेल, भाचा असेल. पासवर्ड आत साठवलेला असतो. इतकं साधं.

मग मीच बंद केलेल्या त्या धाग्याखाली नवा मजकूर आला. इंग्रजी अक्षरांत होता, त्याच्या जुन्या सवयीनं. मी आपल्या लिपीत उतरवते.

खोली: दुसरी. दिसतं: पलंग, भिंतीवर कॅलेंडर, पान फेब्रुवारीचं. हातात: काही नाही. दारं: एक, बाहेरून बंद.

फेब्रुवारीचं पान पाहून मी हसले. आमच्याकडेही तसंच आहे. आई गेली त्या महिन्याचं पान बाबा उलटू देत नाहीत, दोन वर्षं झाली. म्हटलं, अशी घरं बरीच असतील.

आता माझी चूक ऐका. दुसरा कोणी असता तर त्यानं विचारलं असतं, भाऊ तू कोण? मी विचारलं नाही. आमच्या फोरमवर अडकलेल्याला कोण, कुठला, काहून हे विचारत नसत. त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं, आणि पहिल्यांदा विचारलं तर कुठं पाहायचं ते सांगायचं. बंद दाराच्या जुन्या गेममध्ये एक ठरलेली युक्ती असते, दाराखालच्या फटीतून कागद सरकवायचा आणि भोकातून चावी त्यावर पाडायची. बारा वर्षांपूर्वी द्यायला हवा होता तो इशारा मी त्या दिवशी दिला. लिहिलं, दाराखाली पाहा.

बरं वाटलं, खरं सांगते. छातीवरचं काहीतरी उतरलं.

चारला कडी काढली. बाबा जागे होते. पलंगावर भिंतीला चिकटून पडले होते, एका कडेला, बाकी पलंग मोकळा. मी म्हटलं, असे काहून आखडून झोपले? ते म्हणाले, जागा करून देली. मी चहा टाकायला गेले. बाबा असलं काहीबाही बोलतातच.

५

मंगळवारी दोन वाजून वीस मिनिटांनी दुसरा मजकूर आला.

खोली: तीच. दिसतं: दाराखाली पाहिलं. बाईचे पाय. निळी स्लीपर, डाव्या पायाचा पट्टा सुतळीनं बांधलेला. खुर्चीच्या एका टांगेखाली पुठ्ठा. हातात: काही नाही. दारं: एक.

मी पाय वर घेतले.

खुर्चीवर मांडी घालून किती वेळ बसले होते ठाऊक नाही. घोरण्याचा आवाज येत होता, एका लयीत. मी तो नीट ऐकला. एकाच माणसाचा होता. तेवढ्यानं जरा धीर आला, मग उठून कडी काढली आणि दार ढकललं. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले, पलंगाची अर्धी बाजू मोकळी. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पलंगाखालीही पाहिलं, कपाटामागंही. मग मी कडी परत लावली, आणि कोणी विचारल्यासारखं स्वतःलाच सांगितलं. काय करणार, दूध आणायला जायचं होतं.

सागरला फोन केला. सगळं सांगितलं. तो फोनवरच कम्प्युटर उघडून बसला. बराच वेळ नुसता माऊसचा आवाज येत होता.

“गीता, इथं कुलदीपचं काई नाई,” तो म्हणाला. “तेरा सालचे दोन हायेत, आन् त्याखाली कालची तुई एक ओळ हाये. दाराखाली पाहा. तू कोणाले सांगून राहिली?”

मी म्हटलं, मले दिसून राहिलं न. तो फार हळू आवाजात म्हणाला की तू दिवसभर घरात एकटी असते, बाबांचं करते, थोडा आराम कर, सर्व्हर मी आजच बंद करतो.

मला त्याचा राग आला नाही, भीती वाटली. बाबांचंही असंच सुरू झालं होतं, दुसऱ्याला न दिसणाऱ्या गाडीपासून. मी डोळे मिटून सतराचा पाढा म्हटला, परवा काय जेवले ते आठवलं, आईची तारीख आठवली. सगळं जागच्या जागी होतं. मी सागरला म्हटलं, आज बंद करू नको, एकतीसलाच कर. त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं नाही. कारण एवढंच होतं की दोनदा विचारून झालं होतं. त्याच जागी मी त्याला पुन्हा एकदा कोंडणार नव्हते.

दुसऱ्यांदाचा इशारा मात्र मी दिला नाही. कशाला हात लाव म्हणून सांगू? त्या खोलीत हात लावण्यासारखे फक्त माझे बाबा होते.

६

बुधवारी बाबांनी भाकरी अर्धीच खाल्ली, अर्धी ताटाच्या कडेला सारून ठेवली. कोणासाठी ठेवली म्हटलं तर हसले.

दोनला कडी लावली. पुढच्या दाराचीही कडी वर सरकवली, आणि सरकवली हे मोठ्यानं बोलले, उद्या स्वतःवर शंका यायला नको म्हणून. मग खुर्चीवर मांडी घालून बसले.

खोली: तीच. दिसतं: दार. हातात: म्हाताऱ्याचा हात. दारं: एक. तिसऱ्यांदा विचारून राहिलो, मॉडताई.

घोरणं थांबलं होतं.

कम्प्युटर बंद करून टाकावा असं मला वाटलं. बाबांना उचलून शेजारच्या मैनाबाईंकडे न्यावं असंही वाटलं, पण त्यासाठी दार उघडावं लागलं असतं. दार उघडलं तर बाबा जातील ही भीती सात महिने मी जवळ बाळगली होती. आता दार उघडलं नाही तर आत काय होईल, याची वाटायला लागली. तानुबाईंनाही काळजीच होती. मी कीबोर्ड ओढला आणि खरं उत्तर लिहिलं.

हे दार आतून उघडत नाही. बाहेर बसलेल्याला हाक मार.

पाठवलं. पंखा फिरत होता. रस्त्यानं कोथिंबीरवाला ओरडत गेला. आणि मग आतून, दाराला अगदी तोंड लावून, बाबांचा आवाज आला.

“मॉडताई, आमी अडकलो.”

बाबांना फोरम माहीत नव्हता. ते नाव या घरात कधी कोणी उच्चारलं नव्हतं, आईनंही नाही.

मी कडी काढली. चिंधी सुटून खाली पडली. दार आत ढकललं तेव्हा बाबा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेले होते, दारापासून चांगले सहा-सात हात लांब. आमच्याकडची गादी कापसाची, माणूस उठला तरी बसल्याचा खळगा राहतो. गादीवर दोन खळगे होते. एकात बाबा होते.

बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागं पाहत होते, आणि त्यांची नजर हळूहळू सरकत गेली, हॉलमधून, टेबलापाशी जरा थांबून, पुढच्या दारापर्यंत. मग पाहुण्याला निरोप द्यावा तसा त्यांनी हात वर केला.

मी वळले नाही. वळायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही. बऱ्याच वेळानं वळले तेव्हा हॉल रिकामा होता. पुढच्या दाराची कडी खाली आलेली होती.

“मले म्हणे चाल,” बाबा म्हणाले. “मी म्हटलं, पोरीले इचारल्याबिगर नाई.”

७

त्या दिवसापासून मी कडी लावली नाही. चिंधीही परत बांधली नाही. एकतीसला सागरनं सर्व्हर बंद केला. त्याआधी इतिहास पहिल्या पानावर चढला, कुलदीपच्या परिच्छेदासकट. सागर फोनवर म्हणाला की वाचून रडू आलं, आणि आता तुझी तब्येत कशी आहे. मी म्हटलं, ठणठणीत.

खरंच बरं चाललं होतं. बाबा दुपारी झोपत, उठत, उघड्या दारातून हॉलमध्ये येऊन माझ्याजवळ बसत. बाहेर जायचं नाव काढत नव्हते. बाजारातली गाडीसुद्धा विसरले. सात महिने उगाच कोंडलं, असं वाटून मला वाईट वाटलं.

शुक्रवारी चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवला.

“खोली हे,” ते म्हणाले. “दिसते, पलंग, टेबल, माही पोरगी. हातात काई नाई. दार एक, उघडं हाये. जाऊ का?”

मी म्हटलं, बाहेर पाहा किती ऊन आहे. म्हणजे मी नकळत कुठं पाहायचं ते सांगून बसले. ते बाहेर पाहत बसले.

रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं, त्याच चार ओळींत, शब्दही न चुकता. ज्यांना सकाळचं दुपारी आठवत नाही त्यांनी. मी म्हटलं, हा कप धरा आधी, चहा गार होऊन राहिला. त्यांनी कप धरला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, माझ्याकडे पाहत.

आज मंगळवार. पावणेचारला ते स्वतःहून उठले, धोतर नीट केलं, टोपी घातली. आत जाऊन कॅलेंडरची पानं एकेक करून उलटली आणि आजच्या महिन्यावर आणून ठेवली. मग चपला घालून पुढच्या दारात उभे राहिले. मी टंकत होते तिथूनच पाहत होते.

“खोली हे,” बाबा म्हणाले. “दिसते, माही पोरगी. हातात,” आणि इथं ते आपल्या उजव्या हाताकडे पाहून थांबले. हात अंगापासून जरा दूर होता, बोटं मिटलेली. “दार उघडं हाये. गीतू, तिसऱ्यांदा इचारून राहिलो. जाऊ का?”

अजून तिथंच उभे आहेत. माझ्यावर रागावलेले नाहीत. मधूनच बाहेर बघून मान हलवतात, थांब जरा म्हणून. नाही म्हणता येईल, कडीही आहे. पण आज खरं उत्तर द्यायचं आहे, आणि ते मला ठाऊक आहे. नियम मीच लिहिला होता, एकवीस वर्षांची असताना, रागाच्या भरात.

त्यांना एकट्याला पाठवायचं नाही एवढंच मी ठरवलं आहे. हे सागरला पाठवते. पेपरांचं काम पेनड्राइव्हवर आहे, मैनाबाईंना किल्ली देऊन जाते. स्लीपरचा पट्टा पुन्हा सुटला होता, तो बांधला. बाबांना म्हटलं, चला, मी येते संगं, पण कुठं जायचं ते तर सांगा.

“फाटकाबाहेर पाहाय,” बाबा म्हणाले.

पहिल्यांदा विचारलं की तेवढंच सांगायचं असतं.